एका कोयत्यात माणसं दोन असतात, दिगंबर

दिगंबर, छातीतलं दुखणं सोडा पिऊन जात असतं तर गावोगावच्या टपऱ्यांवर डॉक्टर बसले असते. एवढी साधी गोष्ट तुला कळली नाही. अख्ख्या पतसंस्थेचा कारभार कंप्युटरात बसवलास, कुठं काय अडलं की बसल्या जागी ओळखायचास, आणि स्वतःच्या छातीत काय अडलंय ते ओळखता आलं नाही. परभणीच्या बसस्टँडवर सोडा प्यालास, एसटीत बसलास, सोनपेठला उतरून घरी आलास आणि बायकोला, रेखाला म्हणालास, पित्त झालंय. तिनं पाणी आणेपर्यंत सगळं संपलं. असं जातं व्हय रे माणूस?

भेटायला येणाऱ्या बाया म्हणतात, अक्का, मन मोकळं करा, रडून घ्या. रडायला येतं की. पण त्याच्या आधी राग येतो, आणि तो इतका येतो की रडणं मागंच राहतं. थोरली बहीण आहे मी तुझी. तू ज्या संस्थेची सिस्टीम केलीस तिथंच खिडकीत बसून कॅश सांभाळते. घरी तुझी बहीण, हापिसात तुझी कटकट. दोन्हीकडून तुझ्याशी भांडायचा हक्क होता माझा. आता भांडायचं कुणाशी? त्या चेअरमनशी भांडून बघितलं. त्यात मजा नाही. तो ऐकून घेतल्यासारखं करतो आणि चहा सांगतो.

तू पुण्याहून आलास तेव्हा आम्हाला वाटलं, दुसऱ्या दिवशी गाडीभर कंप्युटर येतील. तू आधी एक स्टूल आणलंस. माझ्या खुर्चीशेजारी टाकलंस आणि बसलास. सकाळी खिडकी उघडली की बसायचास ते बंद होईपर्यंत. हातात काही नाही, बोलणं नाही. शेवटी मीच वैतागून म्हणाले, "म्हशी राखायला बसल्यावानी काय बसलायस रे?"

तू म्हणालास, "अक्का, माणूस खिडकीत आला की तू आधी पासबुक बघतीस का तोंड, ते बघायलो."

"तोंड. पासबुक कुणी बी आणतंय."

"मंग कंप्युटरनं बी आधी तोंडच दाखवलं पाहिजे."

आणि खरंच तसं केलंस. आजही खातं उघडलं की आधी माणसाचा फोटो येतो, मग बाकीचं. परभणीहून एक कंपनीवाला आला होता, त्यानं विचारलं, हे असं उलटं का? मी म्हणाले, उलटं तुमचं आहे. असला अभिमान वाटला होता त्या दिवशी, आणि तुला काही बोलले नव्हते. तोंडावर कौतुक केलं की तू लाडात यायचास आणि मग काम बाजूला राहायचं.

पुढं कितीतरी दिवस दोन्हीकडं लिहायला लावलंस, वहीत बी आणि कंप्युटरात बी. संध्याकाळी दोन्हींचा मेळ बसल्याशिवाय कुणाला घरी सोडायचा नाहीस. माझ्या घरी पोरं उपाशी, हिकडं मी एकाच जमेला दोनदा जन्म द्यायले. मी म्हणाले, तुझ्या कंप्युटरला वाळवी लागो. तू शांतपणे म्हणालास, "वाळवी न्हाई अक्का, त्याला उंदीर लागतात." दुसऱ्या आठवड्यात खरोखर उंदरानं वायर कुरतडली आणि सगळी संस्था बंद पडली. तू खाली पालथा पडून टेबलामागची वायर जोडायलास आणि मी हसून हसून बेजार. तुझ्या जिभेला काळा तीळ आहे असं आपली आई उगं म्हणत नव्हती.

आणि तो आवाज. आपल्याकडं निम्म्या लोकांना वाचता येत नाही, पासबुकात काय छापलं ते दुसऱ्याला विचारावं लागतं, म्हणून कंप्युटरनं बोलून सांगावं असं तुझ्या डोक्यात आलं. आवाज कुणाचा? तर अक्काचा. लोकांच्या कानाला सवय आहे म्हणे. मला तिजोरीच्या खोलीत कोंडलंस, बाहेरचा गोंगाट येऊ नये म्हणून. पंखा बंद. घामानं पदर भिजला आणि मी एकपासून शंभरपर्यंत आकडे म्हणायले, शाळेतल्या पोरीसारखी. मग हजार, लाख, जमा, नावे, शिल्लक, आणि चार-दोन अख्खी वाक्यं. "रागात म्हणू नको अक्का, लोक भिऊन पळतील." तुझं ते वाक्य बी त्यात उतरलं आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणावं लागलं. पण पहिल्या दिवशी डब्यातून माझा आवाज आला आणि पेडगावच्या एका म्हाताऱ्यानं कानाशी हात नेऊन शिल्लक ऐकली. पुन्हा ऐकवा म्हणाला. त्याला आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या कुणाला न विचारता आपलं कळलं होतं. तेव्हा तुझ्याकडं बघितलं मी. तू तिसरीकडंच बघत होतास, डोळे भरले की तुझं असंच असतं.

हे एवढं सगळं चांगलं केलंस, आणि म्हणूनच कोयत्यांचं जे केलंस त्याचा राग जात नाही.

आपल्या भागातली निम्मी गावं दसऱ्यानंतर ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम असंच मोजतो, माझ्याकडं इतके कोयते, त्याच्याकडं तितके. तो तोडणार, ती मोळ्या बांधून डोक्यावर गाडीत नेणार, आणि मोजणार एक. आधी हंगामाचे पैसे झाडाखाली रोख वाटले जायचे आणि संध्याकाळपर्यंत अर्धे उडायचे. तू म्हणालास, हे आपल्या संस्थेत खात्यावर आणू. चेअरमनला ते लगेच पटलं, ठेवी वाढणार होत्या ना. तू मुकादमांच्या मागं मागं फिरलास. राणीसावरगावच्या टोळीबरोबर कारखान्यावर गेलास, खोपीत राहिलास, थंडीनं खोकला लावून घेऊन आलास. मुकादमानं सांगितलेलं सगळं टिपून आणलंस. आणि परत येऊन कंप्युटरला सांगितलंस, खातेदार म्हणजे कोयता.

मला अजून तो पडदा दिसतो. वर कोयत्याचा नंबर. खाली पुरुषाचं नाव, त्याचा फोटो, त्याचा अंगठा, त्याचा मोबाईल. सगळ्यात शेवटी एक चौकोन. जोडीदार : आहे किंवा नाही.

मी विचारलं, "आणि बाई?"

तू बोट ठेवलंस. "ही काय. आहे."

"नाव कुठंय तिचं?"

"अक्का, लोक जसे मोजतात तसं आपण मोजायचं. सिस्टीम लोकांच्या चालीवर बसवावी लागती, न्हाईतर लोक वापरत न्हाईत."

"लोक चुकीचं मोजायलेत तर तुझं कंप्युटर बी चुकीचंच मोजणार व्हय? मंग वही काय वाईट होती?"

"मुकादम बिथरला तर एक बी कोयता संस्थेत येणार न्हाई. आधी येऊ दे. दुरुस्ती मागून करता येती."

"माझ्या खिडकीत दोन माणसं उभी राहतात, दिगंबर. एक न्हाई."

तू म्हणालास, "पी हळद अन् हो गोरी असं न्हाई होत अक्का ह्यात."

किती दिवस भांडलो आपण त्यावर. रेखा जेवायला वाढायची आणि आपण ताटावर भांडायचो. मी म्हणायची, खोपीत तिच्या हातची भाकरी खाल्लीस आणि हिशोब त्याला विचारलास. त्यावर तू भात मागून घ्यायचास. पण तुझं बी एक खरं होतं, ते मी तेव्हाही मानलं आणि आजही मानते. त्या कोयता नंबरामुळंच मुकादम आले. झाडाखालचे पैसे खात्यावर आले. कितीतरी घरांवर पत्रे चढले त्यानं. नुसतं माझं ऐकून बसला असतास तर कदाचित एकही कोयता आला नसता. हे भांडण अर्धंच राहिलं आपलं. कोण बरोबर ते ठरायच्या आत गोदाबाई खिडकीत आली.

गोदाबाई त्याच राणीसावरगावच्या टोळीतली. तुला खोपीत भाकरी घालणाऱ्यांतली एक. तिचा नवरा मारोती फडावरूनच दुसऱ्या बाईला घेऊन निघून गेला. जायच्या आधी गंगाखेडच्या शाखेतून खातं रिकामं करून गेला. आधी असं झालं नसतं, त्याला सोनपेठला माझ्यापुढं यावं लागलं असतं आणि मी चार प्रश्न विचारले असते. पण तू सगळ्या शाखा जोडल्या होत्यास. लोकांची सोय. त्याची लय छान सोय झाली.

ती लेकीला घेऊन आली होती. पोरगी शाळेत हुशार होती, तिला गंगाखेडला वसतिगृहात ठेवायचं, फडावर न्यायचं नाही, एवढ्यासाठी ती दर हंगामाचं मागं टाकत आली होती. मला म्हणाली, "बाई, माझ्या वाट्याचं किती हाय ते बघा. त्याचं त्यानं नेलं आसंल, माझं तरी बघा."

मला माहीत होतं काय येणार ते. तरी मी तिचं नाव टाकलं, गोदावरी, पुढं सासरचं आडनाव. शोध म्हणून बटण दाबलं. आणि डब्यातून आवाज आला, या नावाची नोंद नाही.

माझा आवाज, दिगंबर. तू तिजोरीच्या खोलीत कोंडून म्हणून घेतलेला. रागात नाही, अगदी गोड.

गोदाबाई माझ्या तोंडाकडं बघायली. माझं तोंड तर बंद होतं. "तुमीच बोललाव का ते?" म्हणाली. मी डब्याकडं बोट केलं. मग ती म्हणाली, "न्हाई कशी? मी हाय की हितं उभी."

मी कोयत्याच्या नंबरावरून उघडून बघितलं. मारोतीचा फोटो आला. शिल्लक काही नाही. खाली लिहिलेलं, जोडीदार : आहे. त्यानं दुसरी धरली होती, म्हणजे कुठल्याही मुकादमाच्या हिशोबात कोयता पुराच. गोदाबाई गेली तरी आहे, दुसरी आली तरी आहे. तुझ्या त्या चौकोनाला काही फरकच पडला नव्हता.

तू मागं प्रिंटरपाशी होतास. मला वाटलं तू पुढं येशील, काहीतरी सांगशील तिला. तू उठलास, चहाचा कप तसाच ठेवलास आणि बाहेर जाऊन उभा राहिलास. ती गेली तेव्हा तुझ्या जवळूनच गेली, तुला ओळखून नमस्कार केला तिनं. तू हात जोडलेस. मी खिडकीतून बघत होते. माझ्या तोंडात इतक्या शिव्या आल्या होत्या आणि तुझा चेहरा बघून एकही देता आली नाही.

त्यानंतर तू कामाला लागलास. कोयता फोडायचा आणि त्यातली दोन माणसं वेगळी काढायची. दोन नावं, दोन फोटो, दोन अंगठे, आणि जमा होतानाच रकमेचे दोन समान वाटे. ऐकायला सोपं, पण जुने सगळे कोयते त्यात बसवायचे म्हणजे प्रत्येक बाईचं नाव शोधून काढायचं. तू गावोगाव फिरलास, या वेळी मुकादमाला टाळून, दुपारच्या वेळी, बाया घरी असतात तेव्हा. आणि या वेळी त्यांनाच विचारलंस. परत आलास की सांगायचास, आज एकीनं स्वतःचं पूर्ण नाव सांगायच्या आधी नवऱ्याकडं बघितलं, आज एकीनं नवऱ्याला बाहेर काढलं.

सगळं तयार झालं तेव्हा मला आधी दाखवलंस. मी बघितलं आणि पहिलं काय बोलले? "बाईचं नाव खाली कामून?"

"कुणाचं तरी खाली येणारच की अक्का."

"मंग त्याचं येऊ दे."

तू कपाळावर हात मारलास. दोन दिवसांनी दाखवलंस, नावं वर्णानुक्रमानं लावली होतीस. म्हणालास, "कंप्युटरला नवरा-बायको कळत न्हाईत, क ख ग कळतंय. आता तरी भांडू नको." मी भांडले नाही. तुझ्या ताटात एक भाकरी जास्त वाढली, तुला कळलं असेल त्याचा अर्थ.

आणि मग ते चेअरमनकडं गेलं.

चेअरमन म्हणजे गोगलगाय अन् पोटात पाय. समोर कधी नाही म्हणाला नाही. "दिगंबरराव, कल्पना उत्तम आहे, मंडळापुढं ठेवू." मंडळात मुकादमच बसलेले. घरोघरी भांडणं लागतील, कोयता फुटंल, बायांच्या हातात पैसा गेला तर गडी कामाला येतील का, एक ना दोन. मुकादमांच्या हातात मतं आहेत, संस्थेची निवडणूक तोंडावर, मग चेअरमन कशाला बोलतो. पुढच्या बैठकीत बघू. त्या पुढच्या बैठकीला पुढची बैठक. आणि तू दर वेळी तसाच शांत परत यायचास. मी म्हणायची, टेबलावर हात आपट, राजीनामा टाक, पेपरात दे. तू म्हणायचास, "अक्का, रागानं सिस्टीम बसत न्हाई. माणसं वळवावी लागतात."

वळली का? सांग ना, वळली का माणसं? गोड बोलत बोलत तू छातीत सगळं साठवत गेलास आणि ती मात्र जागची हलली नाहीत. शेवटच्या दिवशी परभणीला त्याच कामाला गेला होतास. चेअरमनच्या घरी बाहेरच्या खोलीत बसवून ठेवलं तुला, साहेब जेवायलेत, साहेब आराम करायलेत. मग सांगितलं, आज जमणार नाही. आणि तू, मेल्या, सोडा प्यालास. मी असते तर घरात घुसून त्याच्या ताटासमोर बसले असते. पण तुला दवाखान्यात तरी नेलं असतं का मी? तू सांगितलंच नसतंस मला. दुखतंय हे दुसऱ्याला सांगायचं असतं, एवढं तुला कधी जमलं नाही. या एका गोष्टीचा राग मी मरेपर्यंत सोडणार नाही.

आता शोकसभेचं ऐक. संस्थेच्या वरच्या हॉलमध्ये झाली. तुझा मोठा फोटो, त्याला हार, उदबत्त्या. पांढऱ्या कपड्यांत चेअरमन. मुकादमसुद्धा झाडून आले होते, हात जोडून. सगळ्यांनी तुझं कौतुक केलं, मी ऐकून घेतलं. मग शेवटी चेअरमन उठला आणि म्हणाला, "दिगंबररावांनी उभी केलेली सिस्टीम हेच त्यांचं खरं स्मारक आहे. तिच्यात आम्ही काडीचाही बदल होऊ देणार नाही. जशी त्यांनी केली तशीच ती राहील, हा मंडळाचा शब्द आहे."

सगळ्यांनी माना हलवल्या. एका मुकादमानं डोळे पुसले. गरज सरो वैद्य मरो म्हणतात, इथं तर वैद्य खरोखर मेला आणि यांना औषध न देण्याचं कारण बी त्यातच सापडलं. जी चूक दुरुस्त करता करता तू गेलास, तीच चूक ते तुझ्या नावानं जपून ठेवणार होते, हार घालून.

मी उठले. रेखानं माझा पदर धरला होता, तो सोडवला. म्हणाले, "माझा भाऊ चुकला होता."

सख्ख्या भावाच्या शोकसभेत असं कोण बोलतं? मी बोलले. म्हणाले, "एका कोयत्यात माणसं दोन असतात आणि त्यानं एकच धरलं. ते चुकलं. त्याला ते कळलं, आणि त्यानं दुरुस्ती करून ठेवलीय. ती बसवा. स्मारक नको आम्हाला."

चेअरमन काय म्हणाला सांगू? "ताई दुःखात आहेत, आपण समजून घेऊ. दिगंबररावांसाठी सगळ्यांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या."

सगळे उभे राहिले. मला गप्प करायला तुझ्या नावाची शांतता वापरली रे त्यानं. आणि मला गप्प राहावं लागलं, कारण ती तुझ्यासाठी होती. खाली मान घालून मी उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा तुझ्यासाठी रडले ते त्या माणसानं पुकारलेल्या शांततेत. याचा मला किती संताप येतो ते तुला सांगता येणार नाही.

घरी येताना रेखा माझ्या पुढं पुढं चालली. दारात म्हणाली, "वन्सं, लोकांम्होरं चुकला म्हणालाव त्यांना."

मी म्हणाले, "चुकला, आणि दुरुस्त केलं त्यानं. बाकीचे चुकून खुर्चीवर बसलेत."

ती आत निघून गेली. तिचंही बरोबर होतं. तिच्याकडं तुझं नाव तेवढंच उरलंय आणि मी त्यालाच हात घातला.

दुसऱ्या दिवशी कामावर गेले तर तुझा फोटो हॉलमधून खाली आणून माझ्या खिडकीच्या वर टांगलेला. चेअरमनचा आदेश. म्हणजे आता रोज मी बायांना सांगायचं, तुमचं नाव नाही, आणि वरून तू हसायचं. तुझ्या कंप्युटरची देखरेख आता परभणीचा एक तंत्रज्ञ करतो, त्याला विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, सगळं तयार आहे. सरांनी तपासून ठेवलंय. मंडळाचा एक ठराव द्या, एका दिवसात चालू करतो." मी चेअरमनला फोन लावला. हंगामानंतर बघू, म्हणाला. हंगामानंतर म्हणजे आणखी एक वर्ष सगळ्या बायांच्या मोळ्या पुरुषांच्या नावावर.

मी स्टूल ओढलं आणि वर चढले. तेवढ्यात रेखा आली, तुझ्या कागदांवर सह्या करायला बोलावलं होतं तिला. मला बघून दारातच थांबली. मला वाटलं आता भांडण होणार. ती पुढं आली, स्टूल हलत होतं ते दोन्ही हातांनी धरलं आणि म्हणाली, "त्या दिवशी सोडा पिऊन आले, पाणी मागितलं, आणि म्हणाले काय? दसऱ्याच्या आत बसवायला पाहिजे. पित्ताचं बोलायले का सिस्टीमचं तेच मला कळलं न्हाई." मग म्हणाली, "काढा वन्सं. सावकाश."

हार मी तिथंच टेबलावर ठेवला. फोटो रेखानं पदरात गुंडाळून घरी नेला. शिपायानं चेअरमनला कळवलं असणार, कारण तासाभरात फोन आला. "ताई, सख्ख्या भावाचा फोटो उतरवलात?" मी म्हणाले, ठराव करा, फोटो लावते. त्यानं फोन ठेवला. या वेळी चहा सांगितला नाही.

दसरा झाला. टोळ्या निघायल्यात. परवा गोदाबाई खिडकीत आली होती. औंदा धाकट्या भावासंग जायलीय. लेक बी संग. वसतिगृहाचं राहिलं. कोयता भावाच्या नावाचा. मी भावाचं नाव टाकलं, त्याचा फोटो काढला, त्याचा अंगठा घेतला. शेवटच्या चौकोनापाशी आले आणि हात थांबला माझा. ती समोर उभी, नाकीडोळी, अंगापिंडानं सगळी पुरी, आणि मला दाबायचं होतं, आहे. दाबलं. न दाबून काय करणार होते, मुकादमानं कोयताच धरला नसता तिचा.

तिनं वर बघितलं. "सायबाचा फोटू लावलाय म्हणले हितं."

"लावला होता. मी काढला."

"कामून?"

"काम ऱ्हायलंय त्याचं. तुमची नावं घालायची होती त्यात. ते होऊ देईनात."

तिनं भिंतीवरच्या नुसत्या खिळ्याकडं बघितलं. पोरीनं तिचा हात ओढला, बाहेर ट्रॅक्टरवाला बोंबलायला लागला होता. जाता जाता वळून म्हणाली, "मंग आमी येईस्तोवर लावू नका. आल्यावर माझं नाव निघालं तर मी लावते माझ्या हातानं. न्हाई निघालं तर त्यो खिळा बी उपटून टाका."